बारीक जाळी: आधी मोजा, मग बाजारात जा

ट्रकचा रेडिएटर, रणगाड्याच्या इंजिनावरचं झाकण, रेल्वे इंजिनाच्या काचेपुढची दगड अडवणारी जाळी, गोदामाभोवतीचं कुंपण, कोंबड्यांचं खुराडं. मुळापासून मॉडेल बनवणाऱ्याला कुठे ना कुठे जाळी लागतेच, आणि बाकी सगळं मापात असताना नेमकी तीच चुकते. नवीन माणूस सहसा खिडकीला लावायची मच्छरजाळी उचलतो, कारण ती हाताशी असते. पण १:३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या, ट्रकच्या ग्रिलला ती लावली, तर तिची भोकं खऱ्या मापात जवळजवळ पन्नास मिलिमीटरची होतात. ज्यातून तीन बोटं सहज आत जातील असा रेडिएटर कुणी पाहिलेला नसतो, त्यामुळे काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला खटकतं.

पितळेच्या पत्र्यातून कोरलेली तयार फोटोएच जाळी उत्तम असते, पण ती बहुतेक वेळा बाहेरून मागवावी लागते, महाग पडते आणि तुकडा छोटा येतो. तिच्याऐवजी भांड्यांचं दुकान, नेटचं कापड विकणारे, लग्नपत्रिका छापणारे आणि हार्डवेअरवाले एवढ्यांवर बहुतेक कामं भागतात. अट एकच: काय मापाची जाळी हवी ते घरून ठरवून निघायचं.

खरी जाळी केवढी आहे?

खऱ्या वस्तूपर्यंत जाता येत असेल तर पट्टी लावून सलग दहा भोकांचं अंतर घ्या आणि दहाने भागा. एकच भोक मोजू नका, त्यात चूक फार होते. हे अंतर म्हणजे पिच: एका तारेच्या मध्यापासून पुढच्या तारेच्या मध्यापर्यंत. सोबत तारेची जाडी आणि वीण कोणती आहे तेही टिपून ठेवा.

फोटोच हातात असेल तर त्याच फोटोत माप माहीत असलेली वस्तू शोधा. कारची लांब नंबरप्लेट ५०० × १२० मिमी असते, दुचाकीची मागची २०० × १०० मिमी. रेल्वेच्या फोटोत ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिमी धरा. ही वस्तू आणि जाळी कॅमेऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असली पाहिजे, नाहीतर हिशेब फसतो.

उदाहरणाला चेनलिंक, म्हणजे हिऱ्यासारख्या भोकांचं तारेचं कुंपण घेऊ. आपल्याकडे ते प्रामुख्याने दोन इंची आणि तीन इंची भोकांचं मिळतं. दोन इंची म्हणजे अंदाजे ५० मिमी, तार १० गेजची, म्हणजे ३.२५ मिमी. १:३५ मध्ये पिच १.४३ मिमी, १:५० मध्ये १ मिमी, १:७६ मध्ये ०.६६ मिमी आणि १:८७ मध्ये ०.५७ मिमी येतो. दुसरं उदाहरण अर्ध्या इंची जाळीचं, जी रेडिएटरपुढे किंवा झरोक्यावर बसते: १२.७ मिमीचा पिच १:२४ मध्ये ०.५३, १:३५ मध्ये ०.३६ आणि १:८७ मध्ये ०.१५ मिमी होतो.

शेवटच्या आकड्याशी थांबायला हवं. साध्या डोळ्याला हातभर, म्हणजे ६० सेंमी अंतरावरून साधारण ०.१७ मिमीपेक्षा कमी अंतरावरच्या दोन रेघा वेगळ्या दिसत नाहीत. तेव्हा १:८७ मध्ये अर्ध्या इंची जाळी अगदी मापात मिळाली, तरी ती बघणाऱ्याला करडा पत्रा वाटेल. अशा वेळी मुद्दाम थोडी जाड, ०.२५ ते ०.३० मिमी पिचची जाळी घ्या. माप किंचित मोडतं, पण ही जाळी आहे हे तरी कळतं. आमच्या मते लहान स्केलमध्ये ही तडजोड करायलाच हवी.

बाजारातले तीन आकडे

दुकानदार जाळीचा नंबर तीन पद्धतींनी सांगतात आणि गोंधळ इथेच होतो.

मेश म्हणजे एका इंचात किती भोकं. २५.४ ला मेशने भागलं की पिच मिळतो: २० मेशचा १.२७ मिमी, ४० चा ०.६४, ६० चा ०.४२, ८० चा ०.३२ आणि १०० चा ०.२५ मिमी. आकडा मोठा, तशी जाळी बारीक.

मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मात्र फक्त भोकाचं माप आहे, तार धरून नव्हे. प्रयोगशाळेच्या चाळण्यांत ६० नंबरचं भोक २५० मायक्रॉनचं आणि १०० नंबरचं १५० मायक्रॉनचं असतं. इथे आकडा मोठा, तशी जाळी जाड. हा उलटा हिशेब विसरून मागणी केली की भलताच माल हातात येतो.

तिसरा आकडा स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांचा: ४३ टी, ७७ टी, १२० टी. हे एका सेंटिमीटरमधले धागे. २.५४ ने गुणलं की मेश मिळतो, म्हणजे ४३ टी साधारण ११० मेश झाली.

घरातल्या गाळणीवर किंवा चाळणीवर कुठलाच नंबर नसतो. जाळीवर स्टीलची पट्टी ठेवा, मोबाइलने जवळून फोटो काढा, मोठा करून १० मिमीमध्ये किती तारा येतात ते मोजा आणि २.५४ ने गुणा. सोळा तारा आल्या तर ती ४० मेशची जाळी. उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी मोजा. फायबरग्लासच्या मच्छरजाळीत एका बाजूला इंचाला १८ आणि दुसऱ्या बाजूला १६ धागे असतात, म्हणजे भोकं चौकोनी नसून किंचित लांबट.

दोन मापांच्या मधलं काही हवं असेल, समजा ७० मेश, आणि दुकानात ६० नि ८० च असेल, तर ६० घ्या. रंगाचा थर प्रत्येक तारेला जाड करतो. बारीक जाळीत त्यानेच भोकं बुजतात, जाड जाळीत तेवढी जागा शिल्लक राहते.

तार किती जाड आहे, यावर सगळं अवलंबून

भोक बरोबर आहे, पिच बरोबर आहे, तरी जाळी जड दिसते. कारण तार जाड आहे. याचा साधा हिशेब: भोकाला पिचने भागा आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करा. जाळीचा किती भाग मोकळा आहे, ते कळतं.

४० मेशची जाळी ३६ गेजच्या तारेत, म्हणजे ०.१९ मिमी जाडीत विणलेली असेल तर भोक ०.४४ मिमी आणि मोकळा भाग ४८ टक्के. तीच ४० मेश ३२ गेजच्या ०.२७ मिमी तारेत असेल तर मोकळा भाग ३२ टक्क्यांवर येतो. आता खरं चेनलिंक बघा: पिच ५०, तार ३.२५, मोकळा भाग ८७ टक्के. स्टीलची कुठलीही विणलेली गाळणी कुंपण म्हणून का शोभत नाही याचं उत्तर या आकड्यांत आहे. कुंपणाला धागा बारीक असलेलं नेटचं कापड लागतं किंवा स्वतः गुंडाळलेली तार. उलट अर्ध्या इंची, २ मिमी तारेची खरी जाळी ७१ टक्के मोकळी असते आणि तिच्यामागे अंधारच असतो, त्यामुळे तिथे स्टीलची जाळी बेमालूम खपून जाते.

दुकानात गणित करत बसायचं नसेल तर जाळी वर्तमानपत्रापासून दोन सेंटिमीटर वर धरा. मजकूर सहज वाचता आला तर ती कुंपणाच्या कामाची. अक्षरं धूसर झाली तर तिला ग्रिल आणि झरोके द्या.

कुठे काय मिळतं

सर्वांत चांगली सुरुवात भांड्यांच्या दुकानात होते. चहाची स्टीलची गाळणी साधारण २० ते ४० मेशची असते. काही गाळण्यांना दुहेरी जाळी असते, आत बारीक आणि बाहेर जाड. ती मिळाली तर एका पैशात दोन मापं हाती लागतात. गाळणीची अडचण तिचा खोलगटपणा. तिचे तुकडे सपाट करायला बरीच खटपट लागते आणि मोठा तुकडा कधीच पूर्ण सपाट होत नाही. त्यापेक्षा बदलत्या जाळ्यांचा चाळणी-सेट घ्या, ज्यात चार चकत्या येतात. मैद्याची सर्वांत बारीक चकती विणलेल्या तारेची आणि पूर्ण सपाट असते, आणि आठ-नऊ इंच व्यासाच्या चकतीत कितीतरी मॉडेलांच्या ग्रिल निघतात. उरलेल्या चकत्यांपैकी भोकं पाडलेल्या पत्र्याच्या असतील त्या जपून ठेवा, १:१२ सारख्या मोठ्या स्केलला त्या उपयोगी पडतात.

ओढण्या, घागरे आणि ब्लाउजपीसच्या दुकानांत नेटचं कापड मीटरवर मिळतं. पाव मीटर पुष्कळ होतं. मऊ ट्यूल नेटची भोकं षटकोनी असतात. हा आकार चेनलिंकचा नव्हे, कोंबड्यांच्या जाळीचा. भोक दीड मिमीचं असेल तर १:१२ मध्ये ती १८ मिमीची जाळी होते, खुराड्याला अगदी योग्य. घागऱ्याला फुगारा आणायला वापरतात ते कॅनकॅन नेट मुळातच ताठ असतं, त्यामुळे हाताळायला सोपं. ऑर्गंझा फार बारीक विणीचं आणि चौकोनी भोकांचं असतं, १:७२ च्या विमानांच्या झरोक्यांना चालतं, फक्त त्याची चमक मारावी लागते. कुठलंही कापड पांढरं घेऊ नका. काळं किंवा करडं घेतलं की रंगाचा एक हात वाचतो आणि भोकं मोकळी राहतात.

लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणारे स्क्रीन प्रिंटर जुनी फाटलेली जाळी काढून फ्रेमवर नवी ताणतात. काढलेली जाळी मागितली तर बहुतेकजण देतात. मधल्या भागात शाई आणि रसायन बसलेलं असतं, म्हणून कडेचे पट्टे कापून घ्या. पॉलिस्टरची ही जाळी विणीला इतकी एकसारखी असते की त्या किमतीत दुसरं काही तिच्या जवळ येत नाही. १:८७ च्या रेल्वे इंजिनांवरच्या झरोक्यांना ४३ टी घ्या. १२० टीच्या मागे लागू नका, तिची भोकं डोळ्याला दिसत नाहीत आणि रंगाने ताबडतोब बुजतात.

पितळेची किंवा स्टीलची जाळी सपाट आणि हव्या त्या मेशची पाहिजे असेल तर तारेच्या जाळीच्या दुकानाला पर्याय नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी इथे विचारा. माल रुंद गुंडाळीत असतो आणि फुटावर विकतात. मागणी अशी करा: "चाळीस मेश, छत्तीस गेज, एसएस तीनशे चार, एक फूट." गुंडाळीच्या शेवटचे कटपीस आहेत का तेही विचारा, आपल्याला वीतभर तुकडा पुरतो. दुकानात जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली लोखंडी जाळी दाखवली तर घेऊ नका. कापलेल्या कडेला जस्त राहत नाही आणि पाण्यातल्या रंगाखाली तिथे गंज धरतो. चुंबक नेलात तर जीआय लगेच ओळखू येते. तीनशे चार नंबरचं स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, ओढून काढलेल्या तारेत थोडीशी ओढ जाणवली तर काळजी नको.

याशिवाय काही तुकडे फुकटात मिळतात. बेसिनच्या नळाच्या तोंडातला एरेटर उघडला की आत नाण्याएवढी बारीक स्टीलची जाळी असते. गाड्यांचा रंग विकणाऱ्यांकडच्या कागदी गाळणीच्या टोकाला नायलॉनची जाळी असते. जुन्या इलेक्ट्रिक शेव्हरची फॉइल म्हणजे पातळ सच्छिद्र पत्रा, तसा घरी पाडता येणारच नाही. लसणाच्या पिशवीची जाळी १:३५ मध्ये सामान बांधायच्या जाळ्याला, आणि औषधाच्या दुकानातला गॉझ फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून रणगाड्यावरच्या कॅमोफ्लाज जाळीला वापरतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या मासेमारी होडीचं मॉडेल करणाऱ्यांनी मात्र आधी होडीवरचं जाळं कोणतं ते बघावं. मच्छीमार जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात आणि तो माशागणिक बदलतो. १:२४ च्या होडीत ४० मिमीचा आस १.७ मिमीचा होतो. त्याला मऊ ट्यूल पाण्यात भिजवून ढीग करून ठेवलं की खऱ्यासारखं पडतं.

कापताना

शिंपी कापड सरळ कापण्याआधी एक धागा ओढून काढतो, तेच इथे करायचं. जिथे कापायचं तिथली एक तार सुईने उचला आणि पूर्ण ओढून काढा. मोकळी पडलेली रेघ म्हणजे कापायची खूण. ही युक्ती धातूच्या जाळीला, ऑर्गंझाला आणि स्क्रीनच्या जाळीला लागू पडते. नेटच्या कापडाला नाही, कारण ते विणलेलं नसून गुंफलेलं असतं.

मग रेघेच्या दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा आणि टेपसकट कापा. टेप नसेल तर कडेच्या तारा एकेक करून सुटतात आणि दहा मिनिटांत तुमचा १५ मिमीचा तुकडा १३ मिमीचा झालेला असतो. दुसरा उपाय म्हणजे कापायच्या रेघेवर आधीच पातळ फेव्हिक्विक सुईने ओढून घेणं. दोन्ही वेळा हव्या त्या मापापेक्षा दोन तारा जास्त ठेवा. कात्री जुनी घ्या, स्टीलची जाळी चांगल्या कात्रीची धार एका दिवसात घालवते. तारांचे तुटके तुकडे बोटांत काट्यासारखे रुततात आणि उडतातही, म्हणून चष्मा घाला. खाली वर्तमानपत्र अंथरा आणि काम झालं की ते तसंच गुंडाळून टाकून द्या, जेवणाच्या टेबलावर हे काम नको. फायबरग्लासच्या जाळीची धूळ खाजते, तिथे मास्कही लावा.

चौकोनी भोकांची जाळी ४५ अंशांत फिरवली की हिऱ्यासारखी भोकं मिळतात. पण हा उरेब काप झाला, आणि उरेब कापलेलं कापड जसं ओढलं की लांबतं तशीच जाळीही लांबते. भोकं चपटी होतात. म्हणून आधी जाळी ताठ करा, मग उरेब कापा, आणि चिकटवताना टोकं धरून ओढू नका.

ताठ करणं आणि आकार देणं

कापडी नेट भरतकामाच्या गोल रिंगेत ताणा. ताण सगळीकडे सारखा आहे ना ते धागे उजेडाकडे धरून बघा. फेव्हिकॉल एक भाग आणि पाणी तीन भाग असं मिश्रण ब्रशने टिपून लावा, लगेच टिश्यूपेपर दाबून जादाचं शोषून घ्या आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. भोकांत पडदा धरला असेल तर ओलं असतानाच स्ट्रॉने फुंकर मारा. वाळल्यावर तो निघत नाही. घडीची रेघ असेल तर ती या सगळ्याच्या आधी, वर सुती कापड ठेवून, इस्त्री अगदी कमी गरम करून काढायची. नायलॉनला जास्त उष्णता लागली की ते आक्रसतं आणि तो तुकडा वाया जातो.

धातूची जाळी गोलाकार करायची असेल तर हव्या त्या व्यासापेक्षा थोड्या बारीक दांड्यावर गुंडाळा, कारण स्टील परत उलगडतं. पितळेची जाळी जास्त ऐकते. ती गॅसच्या ज्योतीवरून झटकन फिरवली की मऊ पडते, पण ज्योतीत थांबू देऊ नका, इतक्या बारीक तारा पाहता पाहता जळतात. स्टीलवर हा प्रयोग करण्यात अर्थ नाही, ते मऊ व्हायला पितळेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते.

चिकटवणं

जाळी म्हणजे हजारो बारीक फटी, आणि पातळ गोंद फटींत आपोआप पसरतो. बाटलीतून थेट फेव्हिक्विकचा थेंब टाकला की तो सेकंदात सेंटिमीटरभर पळतो आणि तिथली सगळी भोकं बुजवतो. त्यामुळे गोंद जाळीला न लावता चौकटीला लावायचा.

चौकट सनबोर्डची (फोमच्या हलक्या पत्र्याची) असेल तर अ‍ॅराल्डाइट हा दोन भागांचा इपॉक्सी गोंद कालवून दातकोरणीच्या टोकाने पातळ रेघ ओढा, पाच-दहा मिनिटं घट्ट होऊ द्या आणि मग जाळी ठेवून दाबा. पॉलिस्टायरीनची चौकट असेल तर त्याहून छान युक्ती आहे: धातूची जाळी चौकटीवर ठेवा, वरून प्लॅस्टिक विरघळवणारा गोंद ब्रशने टेकवा, आणि मऊ झालेलं प्लॅस्टिक जाळीच्या भोकांतून वर येईपर्यंत पट्टीने हलकं दाबून धरा. वाळल्यावर जाळी चौकटीत रुतलेली असते, सुटत नाही. खिडकी उघडी ठेवूनच हे करा, वाफ वाईट असते. नायलॉनवर आणि पॉलिस्टरवर हा गोंद काही परिणाम करत नाही, तिथे अ‍ॅराल्डाइटच.

पितळेची जाळी पितळेच्या चौकटीला डाग देऊन (सोल्डर करून) बसवता येते. आधी फक्त चौकटीवर शिशाचा पातळ थर चढवा, फ्लक्स लावा, जाळी ठेवा आणि बाजूने चौकटीला सोल्डरिंग आयर्न टेकवा. जाळीला थेट शिसं दिलं तर ती वातीसारखं सगळं पिऊन टाकते.

चिकटवण्याआधी एकदा थांबून जाळीच्या तारा चौकटीच्या कडेला समांतर आहेत का ते बघा. दोन अंशांचा तिरपेपणाही ग्रिलवर लगेच दिसतो. एकावर एक दोन जाळ्या लावायचा मोह टाळा, त्यात लाटांसारखे पट्टे उमटतात.

रंग

जाळी बसवण्याआधी रंगवा, बसवल्यावर नाही. ब्रशने रंग लावू नका. स्प्रे २० ते २५ सेंमीवरून, हात सतत हलता ठेवून, आधी एका बाजूने तिरपा आणि मग दुसऱ्या बाजूने तिरपा, दोन-तीन विरळ हात. एखादं भोक भरलंच तर ताबडतोब स्ट्रॉने फुंका. नायलॉनची चमक मॅट वार्निशने जाते. रेडिएटरच्या मागची भिंत आधी मॅट काळी करा आणि जाळी तिच्यापासून एक-दीड मिमी पुढे बसवा. जाळी भिंतीला टेकली की ती छापलेल्या नक्षीसारखी सपाट दिसते. मधल्या त्या जागेमुळेच खोली येते.

काहीच जमलं नाही तर: स्वतः गुंडाळा

१:३५ चं चेनलिंक बाजारात मनासारखं मिळत नाही. स्टील जड, ट्यूल षटकोनी, मच्छरजाळी मापाला बसते पण धागा जाड. हे कुंपण घरी करता येतं, आणि त्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानातल्या थ्रेडेड रॉडमध्ये, म्हणजे पूर्ण लांबीला आटे पाडलेल्या सळईत आहे. १० मिमी मेट्रिक रॉडच्या आट्यांचा पिच १.५ मिमी असतो, म्हणजे १:३५ मध्ये ५२ मिमी. तीन सुती (३/८ इंच) रॉड मिळाला तर पिच १.५९ मिमी येतो, तोही चालेल. दहा आट्या पट्टीवर मोजून बघा: १५ मिमी आले तर मेट्रिक. १:५० साठी ६ मिमी रॉड घ्या, त्याचा पिच बरोबर १ मिमी.

तार म्हणून ३८ गेजची, ०.१५ मिमी जाडीची तांब्याची वाइंडिंग तार. वाइंडिंग वायरच्या दुकानात वजनावर मिळते. नाहीतर पंखे-मोटर भरून देणाऱ्यांकडे चौकशी करा. पंख्याला साधारण ३५-३६ गेज लागते, ती थोडी जाड, पण पहिल्या प्रयत्नाला चालते.

१. आतून १० सेंमीपेक्षा थोडी मोठी, जाड लाकडाची फोटोफ्रेम घ्या. रॉडचे चार तुकडे कापून चारही बाजूंवर अ‍ॅराल्डाइटने चिकटवा, असे की चौघांची वरची पातळी एकच राहील. चौघांवर सपाट काच ठेवून तपासा. ती हलली तर एक रॉड वर आहे.

२. तारेचं टोक मागे खिळ्याला बांधा. समोरासमोरच्या दोन रॉडच्या आट्यांतून तार पुढून सरळ नेत, मागून फिरवत एकेक आटी पुढे सरका. १० सेंमीला ६७ वेढे होतात आणि एका दिशेला साधारण २२ मीटर तार जाते. दोन्ही दिशांना मिळून तार सात-आठ ग्रॅम.

३. ताण एकसारखा ठेवा. तार दोन बोटांत मऊ कापड धरून त्यातून सोडली की पीळ निघतो आणि ताणही आपोआप सारखा राहतो. जोरात ओढली तर तुटते, सैल सोडली तर मध्ये झोळ येतो आणि तो नंतर जात नाही. तार तुटली तर गाठ पुढच्या बाजूला न मारता मागे लाकडावर मारा.

४. आता काटकोनात दुसरा थर गुंडाळा. तार वर-खाली विणायची गरज नाही. ०.१५ मिमीच्या तारेत ते हातभर अंतरावरून दिसत नाही.

५. पारदर्शक लॅकरचे तीन विरळ हात मारा, प्रत्येकामध्ये पंधरा-वीस मिनिटं. लॅकर तारा जिथे एकमेकींवर टेकतात तिथे साचतं आणि सांधे धरतं. एकदम जाड हात मारला तर भोकांत पडदे धरतात. कडेच्या दोन-तीन तारांवर सुईने फेव्हिक्विक फिरवा आणि एक दिवस वाळू द्या.

६. मागच्या तारा कापून जाळी सोडवा आणि उरेब कापा. सहा फुटी कुंपण १:३५ मध्ये ५२ मिमी उंच होतं. १० सेंमी चौरसातून कर्णावर ५२ मिमी रुंदीचा पट्टा काढला तर साधारण ८९ मिमी लांबीचा आयत मिळतो. दहा फुटांवर खांब धरले तर एक गाळा ८७ मिमीचा, म्हणजे एका चौकटीतून एक गाळा नेमका निघतो.

खांबांना जाळी थेट चिकटवली की ती खांबांच्या मध्ये खाली झुकते. खऱ्या कुंपणातही ती नुसत्या खांबांवर उभी नसते, वर, मध्ये आणि खाली आडव्या ताणतारा असतात. तशाच ०.३ मिमीच्या तीन सरळ तारा आधी खांबांमध्ये बसवा. तार सरळ करायची तर तिचं एक टोक शिकंजात धरून दुसरं टोक पक्कडने हलकेच ओढा, ती किंचित लांबल्याचं हाताला जाणवलं की थांबा. मग जाळी वरच्या तारेला दर तीन-चार हिऱ्यांनंतर अ‍ॅराल्डाइटच्या ठिपक्याने टेकवा. वरची तार वाळल्यावर खालची, आणि मधली सर्वांत शेवटी.